सहा चाकी ट्रकची मागची हाउसिंग बदलताना: कमी खर्चात, पण मोजून

मागून घूंऽऽ असा आवाज येतो, क्लच सोडताना खट्कन झटका बसतो किंवा चाकाच्या आतून तेल गळून ब्रेकचे लायनर भिजतात. अशा वेळी कुणीतरी हमखास सांगतं, ‘अख्खी हाउसिंगच बदलून टाका, कटाईच्या (भंगारात तोडलेल्या) गाडीची स्वस्तात मिळते.’ सल्ला कधीकधी बरोबर असतो. पण पुष्कळदा दहा टक्के खर्चात भागणाऱ्या कामावर शंभर टक्के खर्च होतो, आणि आणलेली हाउसिंग आपल्या गाडीला बसतच नाही. हा लेख दोन एक्सलच्या, म्हणजे सहा चाकी, एअर ब्रेक आणि पाट्यांच्या (लीफ स्प्रिंगच्या) ट्रकपुरता आहे. इंदूरच्या ट्रान्सपोर्ट नगरात किंवा देवास नाक्यावर रोज दिसणारी हीच गाडी.

शब्दांबद्दल आधी एक खुलासा. आपल्या गॅरेजांत ‘एक्सल’ म्हणजे आतला फिरणारा शाफ्ट, ‘एक्सल तुटला’ म्हणतात तो. बाहेरची बीडाची किंवा पत्र्याची नळी, डिफरन्शियल (इंजिनची फिरकी दोन्ही चाकांना वाटणारा गिअरसंच), हब आणि ड्रम या सगळ्या जोडणीला ‘हाउसिंग’ म्हणतात. इथेही तसंच म्हटलं आहे. फक्त ‘दोन एक्सलचा ट्रक’, ‘पुढचा एक्सल’ किंवा कायद्यातली एक्सलची मर्यादा म्हणताना एक्सल म्हणजे चाकांची अख्खी ओळ. या गाड्यांत एक्सल फक्त चाक फिरवतो, गाडीचं वजन हाउसिंगच्या नळीवर असतं. म्हणून एक्सल तुटला तरी चाक निघून जात नाही, आणि चाक न काढताही एक्सल बाहेर ओढता येतो.

आधी ठरवा, बदलायचं काय

आवाज कधी येतो हे नीट ऐकलं तर निम्मं निदान तिथेच होतं. रेस दिल्यावरच घूं येत असेल तर क्राउन-पिनियनच्या (डिफरन्शियलमधला मोठा गिअर आणि त्याला फिरवणारा छोटा गिअर) ओढणाऱ्या बाजूचे दात खराब आहेत. रेस सोडल्यावरच येत असेल तर पिनियनचं बेअरिंग सैल पडल्याची शंका घ्या. रेस द्या किंवा सोडा, आवाज तोच राहतो आणि फक्त वेगाबरोबर वाढतो, तर चाकाचं किंवा डिफरन्शियलचं बेअरिंग बघायला हवं. अशा वेळी एकेक बाजू जॅकवर घेऊन चाक हातानं फिरवा आणि ड्रमच्या मागे ब्रेक प्लेटवर हात ठेवा. खरखर हाताला लागते. फक्त वळताना कटकट होत असेल तर आतले स्टार गिअर आणि त्यांचे वॉशर झिजलेत. क्लच सोडताना एकच झटका बसत असेल तर हाउसिंगकडे वळण्याआधी प्रोपेलर शाफ्टचे (गिअरबॉक्सकडून हाउसिंगकडे फिरकी नेणारी दांडी) क्रॉस, म्हणजे टोकांचे सांधे, आणि स्लाइडची, म्हणजे आतबाहेर सरकणाऱ्या जोडाची, झीज तपासा. झटक्याचा दोष तिथे असताना हाउसिंग उतरवली गेल्याची कामं नवी नाहीत.

बदलण्याच्या तीन पायऱ्या आहेत. नळी सरळ आहे, चाकं नीट चालतात, खराब फक्त आतलं आहे, तर डिफरन्शियलचा कॅरिअर (क्राउन-पिनियन ज्यात बसतात तो सांगाडा) तेवढा बदलायचा. दोन्ही एक्सल ओढा, प्रोपेलर शाफ्ट सोडा, पुढचे नट काढा, कॅरिअर बाहेर येतो. पाटे, ब्रेक, चाकं यांतल्या कशालाही हात लागत नाही. दुसरी पायरी म्हणजे नळी वाकली, तडकली किंवा बेअरिंगची बैठक खाल्ली गेली, पण आतलं चांगलं आहे. मग रिकामी नळी आणून आपलंच सामान त्यात बसवायचं. तिसरी पायरी अख्खी हाउसिंग. दोन्ही गेलं असेल किंवा रेशोही (क्राउनचे दात भागिले पिनियनचे दात) बदलायचा असेल तरच ती घ्या.

मोठी हाउसिंग घातली म्हणजे पासिंग (कायद्यानं मंजूर वजन) वाढत नाही

हे स्पष्ट सांगायलाच हवं, कारण अनेक जण याच आशेनं हे काम काढतात. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार गाडीत असा बदल करता येत नाही, ज्यामुळे आरसीतला तपशील आणि कंपनीचा मूळ तपशील जुळेनासा होईल. जुलै २०१८ मध्ये केंद्रानं चार टायरच्या एका एक्सलची मर्यादा १०.२ टनांवरून ११.५ टन केली आणि दोन एक्सलच्या ट्रकचं एकूण वजन १६.२ वरून १८.५ टन केलं. पण तुमच्या गाडीचं वजन तुमच्या आरसीवर जे लिहिलंय तेच. नायता मुंडल्याच्या आरटीओत जाडजूड हाउसिंग दाखवून ते वाढवून मिळत नाही. ओव्हरलोडला २०१९ च्या दुरुस्तीनंतर २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० रुपये असा दंड कायद्यात आहे.

तांत्रिक बाजूनंही हा सौदा फसवा आहे. हाउसिंग जाड झाली, पण पाटे, चॅसिस, टायर, पुढचा एक्सल आणि ब्रेक तेच राहिले. मग तूट हाउसिंगऐवजी पाट्याच्या ब्रॅकेटवर जाते. जड हाउसिंगनं पाट्याखालचं वजन वाढतं, रिकामी गाडी जास्त उडते आणि टायर घासतात. मापाची, सुस्थितीतली, तुमच्याच मॉडेलची हाउसिंग हाच कमी खर्चाचा आणि टिकाऊ मार्ग आहे.

रेशो: मुंबईच्या वाटेवर फायदा, घाटात तोटा

रेशो बदलायला मात्र खरं कारण असू शकतं. क्राउनला ४१ दात आणि पिनियनला ६, तर रेशो ६.८३. क्राउनला ३७ असतील तर ६.१७. १०.०० × २० चा टायर एका फेऱ्यात साधारण ३.२ मीटर जातो. ताशी ६० किमी म्हणजे मिनिटाला १००० मीटर, म्हणजे चाकाचे ३१२ फेरे. टॉप गिअर थेट १:१ असेल तर ६.८३ वर इंजिन सुमारे २१३० आरपीएमवर राहतं, ६.१७ वर सुमारे १९३०. सपाट रस्त्यावर डिझेल आणि इंजिन दोन्हीला आराम मिळतो.

पण ओढही तेवढीच, सुमारे दहा टक्के, कमी होते. इंदूरहून मुंबईकडे निघालं की मानपूर आणि पुढे सेंधव्यानंतरचा बिजासन घाट आहे. खंडव्याकडे गेलं तर भेरूघाट. भरल्या गाडीनं या वाटा रोज असतील तर ६.१७ वर एक गिअर खाली जास्त वेळ चालावं लागेल, चढावर उठताना क्लच जळेल, आणि उतारावर त्याच गिअरमध्ये इंजिनचा अटकावही कमी मिळेल. देवास-भोपाळ किंवा उज्जैन अशा सपाट वाटेचंच काम असेल तर ६.१७ घ्या. घाट असतील तर आहे तो रेशो ठेवा.

रेशो बदलला की स्पीडोमीटर खोटं बोलतो, कारण बहुतेक गाड्यांत त्याला वेग गिअरबॉक्सच्या मागच्या टोकावरून मिळतो. ६.८३ काढून ६.१७ घातला तर काटा ६० वर असताना गाडी ६६ नं धावत असते. स्पीड गव्हर्नरही त्याच आकड्यावर चालतो, म्हणजे ८० ची मर्यादा प्रत्यक्षात ८८ होते. म्हणून गव्हर्नर आणि मीटर नव्या रेशोला जुळवून घेणं हा याच कामाचा भाग आहे.

जुना माल पाहताना

दुकानात जाण्याआधी आपल्या गाडीखाली झोपून मापं घ्या आणि कागदावर लिहा: दोन्ही पाट्यांच्या बैठकींचं मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर, बैठकीची रुंदी, यू-बोल्टच्या दोन पायांमधलं अंतर, सेंटर बोल्टच्या भोकाचा व्यास, ड्रमच्या बाहेरच्या तोंडापासून दुसऱ्या ड्रमच्या तोंडापर्यंतची लांबी, चाकाचे स्टड किती आणि समोरासमोरच्या स्टडमधलं अंतर किती, ड्रमचा आतला व्यास आणि लायनरची रुंदी, पिनियनच्या फ्लॅन्जचा व्यास आणि बोल्टची भोकं, आणि पाट्याच्या बैठकीपासून त्या फ्लॅन्जच्या तोंडापर्यंतची लांबी. हे शेवटचं माप बहुतेक जण विसरतात. नाकाड, म्हणजे पिनियनचा पुढे आलेला भाग, ३० मिलिमीटरनं लांब निघालं तर प्रोपेलर शाफ्टची स्लाइड आत जाऊन टेकते, आणि पहिल्याच खड्ड्यात गिअरबॉक्सच्या मागच्या बेअरिंगवर हातोडा बसतो. आखूड निघालं तर स्लाइड अर्ध्यावर लोंबकळते. दोन्ही वेळा शाफ्ट कापून बॅलन्स करावा लागतो. तो खर्च आधीच हिशेबात धरा. एक्सल वेगळा घेत असाल तर स्प्लाइनचे दात आणि एक्सलची लांबी दोन्ही बाजूंनी स्वतंत्र मोजा, कारण डावा-उजवा सारखा असेलच असं नाही. एबीएसची गाडी असेल तर हबवर दातेरी रिंग हवी आणि तिचे दात तुमच्या रिंगेइतकेच हवेत.

रेशो दुकानदाराच्या तोंडी शब्दावर घेऊ नका, आणि त्यासाठी हाउसिंग उघडायचीही गरज नाही. एका बाजूचा ड्रम दोरीनं पक्का बांधा. पिनियनच्या फ्लॅन्जवर आणि मोकळ्या ड्रमवर खडूची एकेक रेघ मारा. आता मोकळा ड्रम बरोबर बारा फेरे फिरवा. एक बाजू बांधलेली असल्यानं ड्रमच्या दोन फेऱ्यांना क्राउनचा एक फेरा होतो, म्हणजे बारा फेऱ्यांत क्राउन सहा वेळा फिरला. तेवढ्यात फ्लॅन्ज ४१ वेळा फिरला तर रेशो ४१/६, ३७ वेळा फिरला तर ३७/६. दोन माणसं लागतात, एक फिरवायला आणि एक मोजायला. याच वेळी हाताला अडथळे, खरखर आणि फ्लॅन्जचा खालीवर खेळही कळतो. फ्लॅन्ज खालीवर हलत असेल तर पिनियनचं बेअरिंग संपलेलं आहे.

मग तळाचा प्लग उघडा. आतलं तेल घट्ट, काळपट असणं ठीक. दुधासारखं असेल तर पाणी शिरलंय आणि बेअरिंगवर गंज असणार. प्लगच्या लोहचुंबकावर काळी मऊ लापशी असेल तर ती रोजची झीज. नखानं उचलता येतील असे चकचकीत तुकडे निघाले तर दात किंवा बेअरिंग फुटलंय. ती हाउसिंग फक्त नळीच्या किमतीला घ्या, नाहीतर सोडून द्या.

नळीवर पाट्याच्या बैठकीजवळचे वेल्डिंगचे सांधे तारेच्या ब्रशनं घासून, रॉकेल लावून, पुसून, वर खडू फासा. दहा मिनिटांनी तडा असेल तिथे रॉकेल झिरपून खडूवर ओली रेघ उमटते. रंग नुकताच मारलेला असेल तर तो खरवडायचा आग्रह धरा. वेल्डिंग करून भरलेली नळी घेऊ नये. वेल्डिंगच्या उष्णतेनं नळी ओढली जाते आणि दोन्ही टोकं एका रेषेत राहत नाहीत.

हब काढायला लावा आणि टोकाची बेअरिंगची बैठक बघा. तिथे सेंटर पंचचे ठिपके दिसले तर बेअरिंगची आतली रिंग सैल होऊन फिरत होती आणि पंच मारून ती घट्ट केलेली होती, हे ओळखा. ठिपके काही हजार किलोमीटरमध्ये चपटे होतात आणि रिंग पुन्हा फिरू लागते. मायक्रोमीटरनं बैठक दोन दिशांनी मोजा आणि नव्या बेअरिंगच्या भोकाशी ताडून पाहा. नळी सरळ आहे का हे खराद्याकडे दोन्ही टोकं सेंटरवर धरून डायल लावल्यावर पक्कं कळतं, आणि त्याला अर्धा तासही लागत नाही.

पक्कं बिल घ्या, आणि माल ज्या गाडीतून निघाला तिची नोंदणी रद्द झाल्याच्या कागदाची प्रत मागा. चोरीच्या गाडीचा भाग आपल्या गाडीखाली सापडला तर निस्तरता निस्तरता काम थांबतं.

पैसे कुठे घालायचे

नळी, कॅरिअरचा सांगाडा, हब, ब्रेक प्लेट, कॅमशाफ्टचे ब्रॅकेट जुने चालतील. क्राउन-पिनियन जुना चालेल, पण जोडीचाच. दोन्हींवर कोरलेला जोडीचा नंबर एकच हवा. वेगवेगळ्या जोड्यांतले दोन नग कितीही चांगले दिसोत, ते आवाज करणार आणि दात खाणार. नवंच घ्यायचं ते असं: चारही चाक-बेअरिंग (जुनी निर्दोष नसतील तर), सगळे ऑइल सील, यू-बोल्ट नटांसकट, सेंटर बोल्ट, क्राउनचे बोल्ट, पिनियनचा नट, लॉक वॉशर, गॅस्केट किंवा सीलंट, एअरच्या रबरी नळ्या आणि तेल. सियागंजात बोल्ट, ग्रीस, सील वेगवेगळ्या दर्जाचे मिळतात. यू-बोल्टच्या बाबतीत सर्वांत स्वस्त कधीच घेऊ नका. एकदा ताणलेला यू-बोल्ट पुन्हा बसवायचा नसतो. तो ताणून लांबलेला असतो, पुन्हा आवळला तरी पकड धरत नाही, आणि सैल पडला की सेंटर बोल्ट कापला जाऊन हाउसिंग मागे सरकते.

उतरवताना

जागा पक्क्या काँक्रीटची हवी. माळव्याची काळी माती उन्हाळ्यात दगडासारखी वाटते, पण एक सर आली की जॅक कण्हत कण्हत खाली जातो. मातीवरच काम करावं लागलं तर जॅक आणि घोड्यांखाली (आधाराच्या स्टँडखाली) जाड लोखंडी प्लेट आणि त्याखाली सागाची किंवा साधी दोन इंची फळी हवी. गाडी पूर्ण रिकामी हवी.

पुढच्या चाकांना पुढूनमागून उट्या (पाचरी) लावा. हे सर्वांत आधी, कारण पुढच्या पायरीत हँडब्रेक सुटणार आहे. मागच्या ब्रेक चेंबरच्या मोठ्या डब्यात दाबून ठेवलेली जबरदस्त स्प्रिंग असते. चेंबरच्या बाजूला लावून ठेवलेला रिलीज बोल्ट काढा, मागच्या भोकात घाला, पाव फेरा फिरवून अडकवा आणि नट आवळून स्प्रिंग बांधून टाका. टाकीत हवा असताना हे सोपं जातं. त्यानंतरच टाक्यांची हवा सोडा आणि पाइप काढा. त्या डब्याचा पट्टा किंवा क्लॅम्प कुणीही, कधीही उघडू नये. ती स्प्रिंग सुटली तर माणूस वाचत नाही.

प्रोपेलर शाफ्ट सोडण्याआधी फ्लॅन्जवर आणि स्लाइडच्या दोन्ही भागांवर छिन्नीनं खूण करा. स्लाइड एक दात जरी हलली तरी दोन्ही टोकांचे योक एका रेषेत राहत नाहीत आणि गाडी ४० च्या पुढे थरथरते. एअर पाइपांना रंगीत टेप लावा. एबीएसची वायर, आणि चॅसिसवरच्या लोड सेन्सिंग व्हॉल्व्हला (भारानुसार मागचा ब्रेक कमी-जास्त करणारा) हाउसिंगशी जोडणारी बारीक दांडी सोडा. दांडीची लांबी आधी मोजून लिहा.

आता चॅसिस उचला आणि मागच्या पाट्यांच्या पुढच्या ब्रॅकेटच्या थोडं पुढे, दोन्ही रेल्सखाली घोड्या द्या. जॅकवर गाडी असताना कुणीही खाली जायचं नाही. चाकं काढू नका. यू-बोल्टचे नट आदल्या रात्रीच डिझेल-तेलात भिजवून ठेवा. तरीही निघाले नाहीत तर सरळ कापा, ते नवेच घालायचे आहेत. मागची अंडररन पट्टी काढली, पाट्यांचं वजन उचलून धरलं, की हाउसिंग तिच्याच चाकांवर ढकलत मागून बाहेर काढता येते. चाकं-ड्रमांसकट तिचं वजन अर्ध्या टनाच्या कितीतरी पुढे असतं. जॅकवर तोलत बाहेर ओढण्यापेक्षा हा मार्ग सुरक्षित आहे. फक्त पिनियनचं नाकाड खाली पडू नये म्हणून एकानं फ्लॅन्जजवळ टॉमीनं आधार द्यायचा.

क्राउन-पिनियनची सेटिंग

जोडी बदललेली असो की कॅरिअर फक्त उघडून पाहिलेला असो, इथे घाई केली तर बाकी सगळं वाया जातं. क्रम असा: आधी पिनियनच्या बेअरिंगचा ताण, मग पिनियनची खोली, मग बॅकलॅश (दातांमधला मोकळा खेळ), मग ठसा (दात दातावर कुठे बसतो त्याची खूण).

पिनियनच्या बेअरिंगचा ताण हाताच्या अंदाजानं ठेवू नका. पिनियनच्या पिंजऱ्याभोवती (त्याची बेअरिंग धरणाऱ्या बाहेरच्या भागाभोवती) दोरी गुंडाळा, स्प्रिंग काटा अडकवा आणि सारख्या वेगानं ओढा. सुरुवातीचा झटका सोडून फिरत असतानाचा आकडा घ्या आणि तो त्या हाउसिंगच्या पुस्तकातल्या आकड्याशी जुळवा. नव्या बेअरिंगला जुन्यापेक्षा जास्त ताण लागतो.

बॅकलॅश डायल गेजनं क्राउनच्या दातावर मोजा, तोही चार ठिकाणी. या आकाराच्या क्राउनला साधारण ०.२० ते ०.३० मिमी असतो. नेमका आकडा पुस्तकातला. चार ठिकाणचे आकडे एकमेकांपासून फार वेगळे निघाले तर क्राउन डगमगतोय. त्याच्या बैठकीवर घाण किंवा बर (धातूची खरखरीत कड) आहे का ते पाहा. क्राउनच्या दोन बाजूंच्या बेअरिंगचे जाळीचे नट फिरवताना एक जितके दात सैल केला तितकेच दात दुसरा घट्ट करा. मग बेअरिंगचा ताण बदलत नाही आणि क्राउन तेवढा सरकतो.

ठशासाठी शेंदूर तेलात कालवून पातळ लेप करतात. क्राउनचे आठ-दहा दात पुसून कोरडे करा, बोटानं लेप लावा, आणि कुणाला तरी क्राउनवर लाकडाचा तुकडा दाबून अडथळा द्यायला सांगून पिनियन दोन्ही दिशांनी फिरवा. लेप जिथून पुसला गेला तिथे दात दातावर बसतो. शेंदरात शिसं असतं, म्हणून काम झाल्यावर हात साबणानं धुऊनच चहाला जा.

आता दाताकडे नीट बघा. चांगला ठसा दाताच्या उंचीच्या मध्यावर असतो, कडेला चिकटलेला नसतो, आणि लांबीत आतल्या, म्हणजे अरुंद टोकाकडे किंचित झुकलेला असतो. भार आला की तो आपोआप बाहेर पसरतो. ठसा दाताच्या वरच्या कडेला आला तर पिनियन क्राउनपासून दूर आहे. पिंजऱ्याखालचे शिम (पातळ पत्र्याच्या चकत्या) कमी करा. दाताच्या मुळाशी आला तर पिनियन फार आत गेलाय. शिम वाढवा. ठसा अगदी आतल्या टोकाला आला तर क्राउन दूर सरकवून बॅकलॅश थोडा वाढवा, बाहेरच्या रुंद टोकाला आला तर कमी करा. शिम बदलला की बॅकलॅश पुन्हा मोजायचा आणि ठसा पुन्हा घ्यायचा. तीन-चार वेळा हे होतंच, आणि व्हायलाच हवं. जुनी जोडी परत बसवत असाल तर मूळ शिम तेवढेच ठेवा. दात एकमेकांत बसलेले असतात, नवा ठसा शोधत बसलात तर आवाज वाढतो.

बसवताना

हाउसिंग आत ढकला, सेंटर बोल्टचं डोकं बैठकीच्या भोकात नीट शिरलंय हे हातानं चाचपून बघा. ते कडेवर राहिलं आणि यू-बोल्ट आवळले तर पहिल्या खेपेतच पाटा तुटतो. यू-बोल्ट चारही नट आडवे-तिरपे, थोडे थोडे, टॉर्क पान्यानं पुस्तकातल्या आकड्याला आवळा. शेवटचं आवळणं गाडीचं वजन चाकांवर आल्यानंतर.

मग हाउसिंग चॅसिसला चौकोनात आहे का मोजा. पाट्याच्या पुढच्या पिनेपासून हाउसिंगच्या मध्यापर्यंतचं अंतर दोन्ही बाजूंना सारखं हवं. तीन मिमीपेक्षा जास्त फरक असेल तर गाडी तिरकी चालेल आणि पुढचे टायर सहा महिन्यांत घासतील. चाकं टोकांवर सरळ आहेत का हे घरच्या घरी असं कळतं: दोन्ही रिमवर हबच्या उंचीला पुढच्या बाजूनं खूण करा, अंतर मोजा, गाडी अर्धा फेरा पुढे ढकला म्हणजे त्याच खुणा मागे येतील, पुन्हा मोजा. फरक दोन-तीन मिमीच्या आत हवा. त्याहून जास्त असेल तर नळी वाकलेली आहे.

पिनियनचा कोन पाहायला दांडीवाला कोनमापक फ्लॅन्जवर, शाफ्टवर आणि गिअरबॉक्सच्या फ्लॅन्जवर ठेवा. दोन्ही टोकांच्या क्रॉसचे कोन एकमेकांच्या एक अंशाच्या आत आणि प्रत्येकी तीन अंशांच्या आसपास किंवा कमी हवेत. नवी हाउसिंग दुसऱ्या मॉडेलची असली तर बैठकीचा उतार वेगळा निघतो. तो पाट्याखाली पाचरीची प्लेट घालून सुधारतात. प्लेट लोखंडाची, पूर्ण लांबीची आणि सेंटर बोल्टच्या भोकाची हवी, पत्र्याचे तुकडे नाहीत.

हबचं बेअरिंग: ग्रीस रोलरच्या आत दाबून भरा, नुसतं वर फासू नका. आतला नट ड्रम फिरवत आवळत जा, ड्रम जड फिरेपर्यंत. मग एक षष्ठांश ते पाव फेरा सैल करा. डायल लावून मागेपुढे खेळ ०.०२५ ते ०.१२५ मिमी ठेवा आणि लॉक करा. शून्य खेळ म्हणजे पक्कं काम असं समजू नका. गरम झाल्यावर ते बेअरिंग जळतं.

तेल हायपॉइड गिअरचं, जीएल-५ दर्जाचं, ग्रेड पुस्तकातला. गिअरबॉक्सचं जीएल-४ इथे घातलं तर दातांवरचा थर टिकत नाही. गाडी सपाट उभी करून लेव्हल प्लगच्या भोकाच्या कडेशी येईपर्यंत भरा, दहा मिनिटं थांबा, पुन्हा बघा. आणि हाउसिंगच्या डोक्यावरची श्वासनळी साफ करून उलट फुंकून बघा. ती बंद असली की गरम झालेली आतली हवा ऑइल सीलमधून वाट काढते आणि नवं सील, नवा लायनर पंधरा दिवसांत तेलात भिजतो. दोष मग सीलला दिला जातो.

ब्रेक

आणलेल्या जुन्या हाउसिंगवरचे चेंबर आणि स्लॅक अॅडजस्टर (चेंबरच्या दांडीनं फिरणारा ब्रेकचा हात) तसेच ठेवण्याचा मोह होतो. आधी माप जुळवा. ब्रेकची ताकद चेंबरचं क्षेत्रफळ आणि स्लॅकची लांबी यांच्या गुणाकारानं ठरते. ३० नंबरच्या चेंबरच्या जागी २४ नंबरचा आला तर मागचा ब्रेक कमी पडतो, भार पुढच्या ब्रेकवर जातो आणि घाटात पुढचे ड्रम तापतात. उलट झालं तर रिकाम्या गाडीची मागची चाकं ओल्या रस्त्यावर जाम होतात. डावं-उजवं तर सारखंच हवं, लायनरही दोन्हीकडे एकाच कंपनीचे. ब्रेक दाबल्यावर चेंबरची दांडी आणि स्लॅक यांच्यात काटकोन व्हायला हवा. हातानं सेट करायचा स्लॅक असेल तर लायनर ड्रमला टेकेपर्यंत फिरवून पाव ते अर्धा फेरा मागे घ्या. आपोआप सेट होणारा असेल तर पहिल्या बसवणीनंतर त्याला सतत पाना लावू नका, आतला क्लच झिजतो. लोड सेन्सिंग व्हॉल्व्हची दांडी लिहून ठेवलेल्या लांबीला जोडा. रिलीज बोल्ट काढून जागेवर ठेवायचं विसरू नका, नाहीतर हँडब्रेकच लागणार नाही. सगळे सांधे साबणाच्या पाण्यानं तपासा.

पहिले दोन हजार किलोमीटर

पहिली फेरी रिकामी, मांगल्यापासून राऊपर्यंतच्या बायपासवर, ४० ते ५० च्या वेगानं. वीस किलोमीटरवर थांबून चारही ठिकाणी हात लावा: दोन हब, डिफरन्शियलचं पोट, पिनियनचं नाकाड. हात टेकवून ठेवता यायला हवा. एकच हब तापला तर ब्रेक घासतोय किंवा बेअरिंग घट्ट आहे. नाकाड तापलं तर पिनियनचा ताण जास्त झालाय. तो आपोआप सुटत नाही, उघडावंच लागतं.

५० ते १०० किलोमीटरवर चाकांचे नट आणि पहिल्या भरल्या खेपेनंतर यू-बोल्ट पुन्हा आवळा. पहिल्या २००-३०० किलोमीटरला अर्धा भार आणि घाट नको. नवी जोडी असेल तर दात एकमेकांत बसण्याचा हाच काळ आहे. २००० किलोमीटरला तेल गरम असतानाच काढा आणि तळाचा प्लग हातात घेऊन पाहा. चुंबकावर मऊ काळा लेप असेल तर पुसून नवं तेल भरा. चकचकीत कणी असेल तर तेल भरण्याआधी कॅरिअर पुन्हा उतरवा आणि ठसा पुन्हा घ्या.